पुसलेल्या रेघेवरून चालताना

सकाळी सायकलच्या सीटवर हात ठेवला आणि तो चिकटला. म्हणजे लिंडन फुलले. जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेनमध्ये जून आल्याचं आधी सायकलींना कळतं, मग माणसांना. रस्त्याकडेच्या लिंडनच्या झाडांवरून डोळ्यांना न दिसणारा एक पाक दिवसभर ठिबकत असतो. गाड्यांच्या काचा, बागेतली बाकं, युनिव्हर्सिटीबाहेर उभ्या सायकली, सगळ्यावर त्याचा पातळ चिकट थर चढतो. शेजारच्या बाई दर जूनमध्ये बादली आणि फडकं घेऊन गाडी पुसायला बसतात, ही झाडं एकदाची तोडायला हवीत म्हणून कुरकुरतात, आणि मग मान वर करून, डोळे मिटून लांब श्वास घेतात. वासच तसा आहे. मधात लिंबाची साल किसून घालावी तसा. संध्याकाळी तर तो खिडकीतून घरात शिरून सोफ्यावर बसतो.

ऑफिसला उशीर होत होता, तरी मी झाडाखाली उभी राहिले. त्या वासाबरोबर अण्णांचा तीन वर्षांपूर्वीचा आवाज आठवला. "कुठलं झाड गं हे? मला धड दिसत नाहीये, पण आहे फार जोरात."

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीला पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालवे, मोऱ्या, छोटे बंधारे यांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्या वेळी सगळं हातानं. ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन, लांबलचक टी-स्क्वेअर पट्टी. रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडने ती इतकी हलकेच खरवडायची की कागदाला भोक पडता कामा नये. लहानपणी मी शाळा सुटल्यावर त्यांच्या ऑफिसात जायची, तेव्हा ते पूर्ण झालेला नकाशा खिडकीच्या उजेडात धरायचे आणि विचारायचे, "कुठे चुकलो होतो, सांग." खरवडलेली जागा जराशी दुधी दिसायची. ती सापडली की मला लिमलेटची गोळी मिळायची. सगळ्या ऑफिसला ते ओरडून सांगायचे, "पकडलं बघा पोरीनं!"

अशा माणसाचे डोळे गेले. सगळे नाही, आणि एकदम नाही. एका दिवाळीत ते म्हणायला लागले की हल्ली पेपरवाले फार वाईट छापतात, ओळीच्या मधली अक्षरंच खातात. पेपर बदलून झाला, चष्मा बदलून झाला, मग मिरजेच्या डॉक्टरांकडे गेले. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं सगळं शाबूत, पण जिकडे थेट बघावं तिथे नेमका एक धुरकट ठिपका. रस्त्यावर चालता येई, पायऱ्या उतरता येत, पण समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसे, त्याचे कान आणि खांदे तेवढे दिसत. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं घेऊ, वेग कमी होईल, पण हे वाढणार आहे. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या.

आईचा फोन आला तेव्हा तिला बोलवत नव्हतं. नुसतीच मुसमुसत होती. मागून अण्णांनी फोन हिसकावला. "अगं, रडतेय काय ही! डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय. औषध म्हणून! तिकिटं बघ."

ते मे महिन्यात आले. इथल्या उन्हाळ्याने त्यांना पहिल्याच आठवड्यात वेड लावलं. कोपऱ्याकोपऱ्यावर स्ट्रॉबेरीच्या आकाराची लाल टपरी, आणि तिच्यात स्ट्रॉबेरीच विकायला. बाजारात पांढऱ्या शतावरीच्या जुड्या, त्यांच्यापुढे रांग लावलेली म्हातारी मंडळी. जेवणं उरकली तरी बाहेर लख्ख उजेड. "हा देश दिवस बंद करायला विसरतो," असं म्हणून अण्णा गॅलरीत जाऊन बसायचे. इतका उजेड फुकट मिळतोय आणि आपण आत बसायचं हे त्यांना पटायचंच नाही.

माझी मुलगी रेवा तेव्हा अकरा वर्षांची होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. लाज म्हणा, सवय म्हणा. आम्ही आग्रह करून थकलो होतो. अण्णांनी आग्रह केलाच नाही. ते मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये सांगायची, आणि दोघं मोठ्या आकड्यांचे पत्ते घेऊन तासन् तास खेळायची. कधीतरी तिच्या तोंडून एखादं मराठी वाक्य निसटलंच, तर त्यात अण्णा ‘तू’ असायचे. "आजोबा, तू चीटिंग केला." आई लगेच, "अगं, तुम्ही म्हणावं मोठ्यांना." आणि अण्णा, "राहू दे गं. या घरात मला तू म्हणणारं आता कोण उरलंय?"

बर्लिनचं त्यांनी एका सकाळी पोहे खाताना जाहीर केलं.

"राजधानी बघायची. आणि नुसती राजधानी म्हणून नाही. अख्खं शहर पुसून पुन्हा काढलंय त्यांनी. आधी युद्धात पुसलं गेलं, मग मधून भिंत घातली, मग तीही पुसली. मला बघायचंय, खरवडलेलं कुठे दिसतं ते."

माझा नवरा निखिल त्याच्या प्रोजेक्टमध्ये अडकला होता. म्हणून मी, रेवा, आई आणि अण्णा असे चौघंच जायचं ठरलं. दोन दिवस. ज्यांनी कधी बाहेरगावच्या पाहुण्यांना मोठं शहर दाखवलंय त्यांना कळेल की दोन दिवस म्हणजे काय. बर्लिनमध्ये म्युझियमच इतकी आहेत की त्यांचं एक वेगळं बेट आहे. त्याशिवाय दरवाजा, संसद, कॅथेड्रल, टीव्हीचा मनोरा, राजवाडा, प्राणिसंग्रहालय, नदीतल्या बोटी. रेवाला डायनासोरचा सांगाडा हवा होता. आईला सुरुवातीला काहीच नको होतं. "मला काय, तुम्ही न्याल तिथे येईन, फक्त बसायला जागा आणि बाथरूम असू दे." मग दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता ती हळूच म्हणाली, "ती इजिप्तची राणी तिथेच आहे ना? लांब मानेची? आमच्या शाळेच्या पुस्तकात चित्र होतं तिचं."

आईने आपणहून काही मागितलं, हीच केवढी मोठी गोष्ट. राणी पक्की झाली.

बाकीचं मी ठरवायला बसले, रोज ऑफिसातून आल्यावर, लॅपटॉप मांडीवर घेऊन. माझं काम हॉस्पिटलातल्या तपासणी यंत्रांच्या सॉफ्टवेअरचं. माणसाच्या आतलं बाहेर कसं स्पष्ट दिसेल हे बघण्यात माझा दिवस जातो. त्याच डोक्याने मी बर्लिनही चाळत होते. जे मोठं असेल, उजेडात असेल, जवळून बघता येईल तेवढंच ठेवायचं. बारीक नक्षी बाद, पाट्या वाचाव्या लागतील ती म्युझियम्स बाद, अंधारी चर्चेस बाद. अण्णा शेजारी बसून माझं पुटपुटणं ऐकत होते, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"सुमन," ते म्हणाले, "तू माझ्या डोळ्यांना विचारून ठिकाणं ठरवतेयस."

"तसं नाही अण्णा, तुम्हाला नीट दिसावं म्हणून..."

"डोळ्यांना कशाला विचारतेस? ते तर जायला निघालेत. मला विचार की."

आवाज चढला नव्हता. पण मी लॅपटॉप मिटला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली होती, हातात झारा तसाच. मला तेव्हा काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. त्यांना जपण्याच्या घाईत मी त्यांना वगळूनच टाकलं होतं, एवढं समजलं. तरी मी अर्धवटच ऐकलं. कारण संसदेच्या घुमटासाठी सगळ्यांची नावं आधीच नोंदवून ठेवली होती आणि मनातून माझी खात्री होती की सगळ्या शहरात त्यांना सगळ्यात छान दिसेल ते तेच. अख्खा काचेचा घुमट, आतून गोल गोल चढत जाणारा उतार, चारी बाजूंना आकाश. त्याहून मोठं आणि उजळ काय असणार?

गाडीत बसल्यापासून अण्णा खिडकीला चिकटले. शेतं, पवनचक्क्या, बोगदे. बोगदा संपला की ते "हां!" म्हणायचे, कुणीतरी पडदा सरकवल्यासारखं. बर्लिनचं मुख्य स्टेशन काचेचं आणि मजल्यांचं आहे. वरूनही गाड्या जातात, खालूनही जातात आणि मधे माणसांचे सरकते जिने. अण्णा त्या गर्दीच्या मधोमध उभे राहून मान तिरकी करून सगळीकडे बघत होते. "अगं, हे तर सेक्शन ड्रॉइंग आहे! कापून ठेवलेलं स्टेशन!" एक सूटबूटवाला माणूस त्यांना वळसा घालून गेला आणि वळून हसला.

पहिल्यांदा अर्थातच ब्रांडेनबुर्गचा दरवाजा. आम्ही उंटर डेन लिंडेनच्या रस्त्याने चालत गेलो. नावातच लिंडन आहेत आणि तेव्हा ते ऐन भरात होते. तिथेच अण्णांनी ते झाडाबद्दलचं वाक्य म्हटलं. चौकात पोचलो. खांब, वर चार घोड्यांचा रथ, खाली जगभरातली माणसं फोन उंच धरून. आई हरखली. अण्णा मात्र दरवाजाकडे न बघता डावीकडच्या एका हॉटेलकडे बघत होते.

"अहो, समोर बघा ना. समोर आहे दरवाजा."

"समोर बघितला की जातो तो. बाजूला बघितलं की येतो."

रेवाने हे ऐकलं. आजोबांच्या डोळ्यांचं तिला आम्ही सांगितलं होतं, पण ते असं असतं हे तिला त्या क्षणी कळलं. ती त्यांच्या पुढ्यात गेली, एक डोळा मिटला, स्वतःचा अंगठा दरवाजावर धरून बघितला. मग धावत डावीकडे दहा-बारा पावलं लांब जाऊन उभी राहिली आणि हात हलवला. "आजोबा! शाउ माल हिअर! मला बघ!"

अण्णांनी तिच्याकडे नजर लावली. मग म्हणाले, "आले. घोडे आले. चारही."

रेवा उड्या मारायला लागली. तिथून पुढे हा त्या दोघांचा खेळच झाला. काहीही मोठं समोर आलं की ती पळत जाऊन बाजूला कुठे उभं राहायचं ते ठरवायची, आणि अण्णा तिला बघून ते बघायचे. कॅथेड्रलचा हिरवा घुमट, मनोऱ्याचा गोळा, नदीवरचा पूल. बघणाऱ्यांना वाटत असेल, कसला म्हातारा आहे, एवढं शहर सोडून नातीवरून नजर हलत नाही याची.

दुपारी घुमटात गेलो. वर पाऊल टाकलं आणि मला हायसं वाटलं. आकाश निळंभोर, खाली सगळं बर्लिन, मधोमध आरशांचा उलटा शंकू उजेड झेलून खाली सोडणारा. आई म्हणाली, "बाई बाई बाई!" मी अण्णांकडे वळले, तर ते कठड्याला धरून थांबले होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी. भरून आलं असेल असंच आधी वाटलं मला. मग त्यांनी हाताने डोळे झाकले.

"फार उजेड आहे गं. नुसतं पांढरं. काहीच दिसत नाहीये."

काच, आरसे, जूनचं ऊन. झिजलेल्या पडद्याला ही तिरीप कशी सोसणार, हे मला कळायला हवं होतं. गॉगल बॅगेतून काढून दिला तरी उपयोग झाला नाही. आम्ही त्यांना हाताला धरून खाली आणलं. बाहेरच्या हिरवळीवर आईने रुमाल ओला करून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. मी शेजारी बसले होते. सगळ्यात खात्रीचं म्हणून निवडलेलं ठिकाण आणि तिथेच हे.

रुमालाखालून अण्णा म्हणाले, "वर हवा मात्र मस्त होती."

आई फणकारली. "हवा खायला आलो का आपण इतक्या लांब?"

ते हसायला लागले. मग आईही. रेवाने डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, आणि संसदेसमोर गवतावर फतकल मारून आम्ही त्या लोणच्याबरोबर संपवल्या. खाऊन झाल्यावर अण्णांनी रुमाल घडी करून खिशात घातला. "आता उद्याचं मी ठरवतो. सकाळी तुझ्या आईची राणी. दुपार माझी."

"दुपारी काय?"

"ती भिंत होती ना, तिच्या जागेवर रस्त्यात दगडांची रेघ घातलीय म्हणे. ती चालायची."

मला आठवलं. शहरभर, जिथे भिंत होती तिथे रस्त्यात फरसबंदी दगडांची दुहेरी ओळ बसवलेली आहे. कितीतरी लोक तिच्यावरून जातात आणि कुणाचं लक्षही नसतं. माझ्या निवडीत ती एकदाही आली नव्हती. बघायला काय आहे तिथे? दोन दगडांएवढी रुंद पट्टी. पण एव्हाना मी शहाणी झाले होते. "चालू या," म्हणाले.

राणीचं दालन मंद उजेडाचं. अण्णांच्या डोळ्यांना ते घुमटापेक्षा कितीतरी सुखाचं होतं. मधे काचेत ती एकटी, आणि सभोवती माणसं इतकी गप्प की बुटांचा आवाजसुद्धा खटकावा. अण्णांना मुकुट दिसला, मान दिसली, चेहरा नाही. आई काचेपुढे उभी राहिली आणि कुजबुजत सांगायला लागली. मी तिला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"रंग आपल्या गव्हासारखा. नाक सरळ, सुरेख, धाकट्या वन्संचं आहे ना तसं. ओठ मिटलेले, पण आत्ता काहीतरी बोलेल असं वाटतं. गर्विष्ठ नाही हो, दमलेली वाटते जराशी. कानापाशी थोडं फुटलंय." मग ती थांबली. दोन पावलं पुढे झाली. "अहो... हिला एक डोळा नाहीये."

"काय सांगतेस!"

"खरंच. डावा. पांढराच आहे नुसता, बुबुळच नाही. पुस्तकात एका बाजूने काढलेला फोटो होता, कळलंच नव्हतं कधी." आणि काही वेळाने, "पण काही बिघडत नाही हो तिचं."

अण्णांनी गर्दीतच आईचा हात धरला. माझ्या आठवणीत त्यांनी चारचौघांत तो कधी धरलेला नाही. आईने सोडवूनही घेतला नाही. पहारेकरी, जपानी पर्यटकांचा घोळका, कुणाचीच पर्वा न करता ती दोघं राणीसमोर तशीच उभी राहिली. मी रेवाला घेऊन बाजूच्या दालनात सटकले.

आणि मग दुपार. दरवाज्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या रस्त्याच्या डांबरात रेवाने ती दगडांची जोडओळ शोधून काढली. अण्णांनी पायातला बूट तिच्यावर घासून बघितला. मग दुसरा. डांबर गुळगुळीत, दगड उंचसखल. त्यांचा चेहरा असा उजळला की बस.

"पायाला कळतंय! सुमन, पायाला कळतंय गं! आता तुम्ही दोघी मागे राहा. मी आणि रेवा पुढे."

मी लगेच त्यांच्याबरोबर निघाले. रहदारीचं शहर, अर्धवट दिसणारा माणूस आणि अकरा वर्षांची पोर. आईने माझा दंड धरला. "जाऊ दे त्यांना. आपण आहोत की मागे."

ती निघाली. अण्णा रेघेवर, रेवा त्यांचा हात धरून शेजारी. रेघ फुटपाथवर चढायची, सायकलींच्या लेनमधून जायची, उभ्या गाडीच्या पोटाखाली शिरून पलीकडून निघायची. एका सायकलवाल्याने घंटा बडवली, "फोरझिष्ट!" म्हणजे जपून, असं ओरडला. रेवाने आजोबांना बाजूला ओढलं आणि त्याला जर्मनमध्ये असं काही सुनावलं की तो वळून सॉरी म्हणाला. मधे मधे दगडांत धातूची पट्टी यायची, तिथे अण्णा वाकून हात फिरवायचे. मागून आम्हाला त्यांचं बोलणं तुटक तुटक ऐकू यायचं.

"आता कुठे?"

"राइट... उजवा. नको, थांब, रोट आहे. लाल आहे."

"झाला हिरवा?"

"आता झाला. चल. इथे दगड तुटला आहे, जपून."

आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. एखादं पाखरू खिडकीत येऊन बसावं आणि आपण श्वास रोखून धरावा, तसं झालं होतं. सिग्नल जर्मनमध्ये सांगून चालणार नव्हतं. आजोबांना लगेच कळायला हवं होतं, म्हणून ती बोलत होती. तिला स्वतःला ते जाणवलंही नसेल.

एका वळणावर एक म्हाताऱ्या बाई थांबल्या. हातात भाजीची पिशवी, केस पांढरे शुभ्र आणि अगदी बारीक कापलेले. त्यांनी रेवाला विचारलं की हे गृहस्थ काही हरवलंय म्हणून शोधतायत का. रेवाने सगळं सांगितलं. आम्हीही तोवर पोचलो. बाई म्हणाल्या, त्या इथेच वाढल्या, या रेघेच्या पूर्वेला. आता रोज दुकानात जाताना रेघ ओलांडतात, लक्षात येतही नाही.

अण्णा रेवाला म्हणाले, "त्यांना विचार, भिंतीच्या आत कोण होतं आणि बाहेर कोण?"

रेवाने विचारलं. बाईंनी पिशवी खाली ठेवली, खळखळून हसल्या आणि खूप वेळ बोलल्या. रेवा ऐकत राहिली. मग आमच्याकडे वळून तिने शब्द जुळवत जुळवत सांगितलं, "ती म्हणते, त्यांच्या, म्हणजे वेस्टवाल्यांच्या, शहराला गोल भिंत होती, म्हणून ते आत होते. पण बाहेर जायला बंदी आम्हाला होती. म्हणून आम्ही आत होतो. ती म्हणते, हे तिला पण अजून नीट कळला नाही."

"गेनाऊ!" अगदी बरोबर, असं बाई म्हणाल्या, जणू त्यांना मराठी कळलं होतं. मग त्यांनी आपल्या टाचेने रेघेवर दोनदा टकटक केलं, अण्णांचा हात हातात घेऊन दाबला आणि पिशवी उचलून रेघ ओलांडून निघून गेल्या.

पुढे एका मोठ्या इमारतीपाशी रेघ संपली. सरळ भिंतीत घुसली होती. नंतर बांधलेली चकचकीत ऑफिसची इमारत, तिच्या पायाशी दगड थांबले. अण्णांनी बुटाने इकडेतिकडे चाचपून बघितलं. "हे काय? बस्स?"

मी घड्याळ बघितलं. आई दमली होती. परतीची गाडी होती. मी म्हणणारच होते की चला, बरंच झालं. तेवढ्यात रेवा त्यांचा हात सोडून पळाली. इमारतीला वळसा घालून दिसेनाशी झाली. माझा जीव टांगणीला. अण्णा अगदी निश्चिंत उभे, भिंतीला तळहात टेकून.

आणि मग इमारतीच्या पलीकडून, बस आणि ट्रामच्या गोंगाटातूनही, तिचा आवाज आला. भर बर्लिनमध्ये, अगदी गळा फाडून.

"आजोबाऽऽ! सापडली! इकडे आहे! खालून गेली होती! तू ये लवकर!"

"आलो गं, आलो!" अण्णा ओरडले, आणि जवळजवळ पळतच निघाले. आईने पदर खोचला आणि "अहो, हळू! अहो!" करत त्यांच्यामागे. मी तिथेच उभी राहिले क्षणभर. हसत होते, आणि डोळ्यांना काय झालं होतं कोण जाणे.

आम्ही ती रेघ संध्याकाळपर्यंत चाललो. परतीची गाडी चुकली, दुसरी मिळाली. डायनासोर राहिला, मनोरा राहिला, बोट राहिली, अर्धं बेट राहिलं. लोक विचारतात, बर्लिनमध्ये काय काय बघितलंत, आणि आईचं उत्तर ठरलेलं आहे: "रस्ता."

अण्णांचा मधला ठिपका आता बराच मोठा झालाय. चेहरे तर नाहीतच, आता दरवाजेही कडेकडेने चाचपावे लागतात. इंजेक्शनं चालू आहेत. फोनवर मी "कसं आहे?" विचारलं की ते हवामान सांगतात. पण व्हिसा झालाय, पुढच्या महिन्यात दोघं परत येतायत, आणि परवा मी विचारलं, "अण्णा, या वेळी काय काय बघायचं?" तर म्हणाले, "तुझ्याकडे काय मागायचं? फोन रेवाला दे."

रेवा आता चौदाची. बर्लिननंतर लगेच घडाघडा मराठी बोलायला लागली असं काही झालं नाही. माझ्याशी अजूनही अर्धं जर्मन चालतं, निखिलशी पाऊण. पण अण्णांशी मराठीच. फोन घेऊन ती गॅलरीत गेली. मी आत इस्त्री करत होते. काय ठरवतायत ते नीट ऐकू येत नव्हतं. नुसतं हसणं, मधेच विचार करताना एखादं जर्मन "आल्झो", मग बराच वेळ तिचंच बोलणं, अगदी मन लावून. कुठल्या तरी जागेचं वर्णन चाललं होतं. शाळेच्या सहलीत ती काय बघून आली होती कोण जाणे.

मग दार ढकलून ती आत आली. फोन छातीशी दाबलेला, कपाळाला आठी.

"आई, पटकन सांग. राउ ला काय म्हणतात? हाताला लागतं ते. दगडासारखं, पण जुन्या दगडासारखं."

"खरखरीत."

तिने तो शब्द एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितला, आणि फोन कानाला लावत गॅलरीकडे धावली.

"आजोबा, सापडला! खरखरीत! खऽरखरीत आहे सगळं! तुला खूप आवडेल!"